खिळ्यावरचा पाना

माझ्या दादाबद्दल कोणी चांगलं बोललं की मला आधी बरं वाटतं आणि मग संताप येतो. लोक म्हणतात, तुझ्या दादासारखा कारागीर मिळायचा नाही. खरं आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत नेमकं काय कुरकुरतंय ते सांगायचं, हे आमच्या भागात त्याच्याएवढं कोणालाच जमत नाही. गिऱ्हाईक गाडी घेऊन फाटकातून आत येत असतं, तेवढ्यात हा चहाचा घोट गिळून म्हणतो, "वॉटर पंपाचं बेअरिंग गेलंय." आणि उघडून बघावं तर बेअरिंगच गेलेलं असतं. एवढे तिखट कान. पण त्याच गॅरेजात, चार हातांवर, त्याचा सख्खा धाकटा भाऊ बोलतो ते या कानांना ऐकू येत नाही. कित्येक वर्षं झाली.

धाकट्याला आम्ही छोट्या म्हणतो. पोट सुटलं, टक्कल पडलं, तरी छोट्याच. आणि या दोघांच्या मधली मी. बाबांचं गॅरेज होतं, त्यात आम्ही तिघंही ग्रीसमध्ये लोळून मोठे झालो. दादा इंजिनात रमला, छोट्या वायरिंगमध्ये. बाबा होते तोवर दोघांचं एवढं जमायचं की बघत राहावं. बंद पडलेली गाडी एकट्याने तपासता येत नाही. एकाला बॉनेटपाशी वाकावं लागतं, दुसऱ्याला चावीपाशी बसावं लागतं. दादा आतून नुसतं "मार" म्हणायचा, की छोट्या सेल्फ मारायचा. "बस" म्हटलं की बंद. दिवसभर गॅरेजात हे दोनच शब्द ऐकू यायचे.

बाबा गेले आणि त्यानंतर काही महिन्यांतच गॅरेजात उभी असलेली एका गिऱ्हाइकाची गाडी पेटली. माणसाला काही झालं नाही, पण गाडीचं तोंड पार जळालं. दादा म्हणाला, वायर शॉर्ट झाली. छोट्या म्हणाला, पेट्रोलची नळी सैल राहिली होती. जळून कोळसा झालेल्या गोष्टीतून काय कळणार, कप्पाळ? पण दोघंही हटून बसले. "यापुढे मी तुझ्या वायरीला हात लावणार नाही," दादा म्हणाला. "आणि मी तुझ्या इंजिनाच्या एका नटाला," छोट्या म्हणाला. मला वाटलं, दोन दिवसांत डोकी थंड होतील. तिसऱ्या दिवशी बघते तर छोट्याने गॅरेजच्या मधोमध, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, पिवळ्या रंगाचा जाड पट्टा मारलेला.

तेव्हापासून हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हवेशी बोलतात. दादा छताकडे बघून म्हणणार, "कोणीतरी हेडलाइटची वायर सोडवली तर बरं होईल." छोट्या दाराकडे बघून म्हणणार, "कोणीतरी आधी बंपर काढला तर सोडवता येईल." नवीन गिऱ्हाईक चक्रावून जातं, त्याला वाटतं आपल्यालाच सांगताहेत. स्पार्क प्लगवरून तर आठवडाभर काम अडलं होतं. प्लग इंजिनात बसतो म्हणून दादाचा, पण त्याच्यात करंट येतो म्हणून छोट्याचा. शेवटी ठरलं, कसं ठरलं देव जाणे, की वायर छोट्याने उपटायची आणि प्लग दादाने फिरवायचा. बाया असत्या तर लोकांनी नावं ठेवली असती. हे पुरुष आहेत, म्हणून त्याला स्वाभिमान म्हणतात.

पट्टा मारला त्याच दिवशी हत्यारांचीही वाटणी झाली. जॅक याचा, चार्जर त्याचा, पान्यांचा एक डबा याला, दुसरा त्याला. अडलं ते एकाच पान्यावर. तो बाबांनी स्वतः तापवून वाकवलेला होता. गिअरबॉक्सच्या मागे, बॉडीच्या पत्र्याला लागून, एक बोल्ट असतो. साधा पाना तिथे जातो, पण जरासा फिरला की पत्र्याला आपटतो आणि अडतो. त्या बोल्टासाठी बाबांनी हा पाना वाकवला. दादा म्हणाला, थोरल्याकडे राहील. छोट्या म्हणाला, बाबा शेवटी माझ्या घरी होते. तू तू मैं मैं झाली, आणि "ज्याने हात लावला त्याचा हात मोडीन" इथवर गेलं. त्यामुळे पाना होता तिथेच राहिला. मागच्या भिंतीवर, नेमका पिवळ्या पट्ट्याच्या टोकाशी, खिळ्याला. त्याच्यावर इतकी धूळ बसली की पाना आहे की पाल, ते कळू नये. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी चहा करून दिला त्या वाटणीच्या दिवशी.

आता माझं सांगते. माझं घर माझ्या गाडीवर चालतं. डायलिसिस सेंटरच्या पेशंटांना मी घरून नेते आणि परत आणून सोडते. त्यातल्या एक शिंपीणमावशी. दोन्ही किडन्या गेलेल्या, एकट्या राहतात, दिवसाआड त्यांचं रक्त मशीनवर धुवावं लागतं. शरीरातलं पाणी बाहेर जायला दुसरी वाटच नाही. मशीनची वेळ ठरलेली असते आणि पुढचा पेशंट बाहेर बसलेला असतो. उशीर झाला तर तेवढी आपलीच वेळ कापली जाते. मावशी तोंडाने कधी तक्रार करत नाहीत. मागच्या सीटवर बसून माझ्या सीटकव्हरची उसवलेली शिवण बोटाने चाचपत असतात. एकदा त्यांनी सुईदोरा आणून सिग्नलला सिग्नलला थोडं थोडं करत ती पुरती शिवून टाकली.

माझा क्लच गेला. दादाने गिअरबॉक्स उतरवून नवीन प्लेट टाकली, काम एक नंबर. आणि त्यानंतर गाडीला हे दुखणं लागलं. सकाळी अर्ध्या चावीत सुरू व्हायची. तापली, की सिग्नलला उभी असताना थरथरून बंद. मग चावी फिरवली की टक, टक, सेल्फ अर्धा वेढा घेऊन बसायचा. मागचे हॉर्न मारून माझा उद्धार करायचे. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू व्हायची.

दादाकडे गेले. त्याने कान लावला, म्हणाला पेट्रोल नीट येत नाही, फिल्टर बदलला, पंप बदलला. थंड गाडी छान चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. छोट्याकडे गेले. तो म्हणाला, "पंप कशाला बदलला? कॉइल आहे." कॉइल बदलली, बॅटरी नवी टाकली, टोकं घासून दिली. थंड गाडी छान चालली. पुन्हा बंद. पट्ट्याच्या इकडून तिकडे, तिकडून इकडे, माझ्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. मी हात जोडून म्हटलं, दोघं मिळून एकदा बघा. दादाने मान फिरवली. छोट्या म्हणाला, "मी माझं काम केलंय. माझ्या बाजूला दोष नाही." दादा म्हणाला, "माझ्या बाजूलाही नाही." मग काय माझ्या बाजूला होता?

एके दिवशी ती पुलाच्या चढावर बंद पडली, मावशी मागे. मी विनवण्या करून दुसरी गाडी थांबवली, पण पोचेपर्यंत मशीनची निम्मी वेळ गेली होती. उरलेल्या वेळेत जेवढं झालं तेवढं झालं. दोन दिवसांनी त्यांना न्यायला गेले तर मावशी खुर्चीत बसलेल्या, पाय सुजून खांबासारखे. आडवं झालं की जीव घाबरतो, म्हणून रात्री बसूनच काढल्या म्हणाल्या. मी सेंटरला फोन केला. नर्सने सांगितलं, "छातीत पाणी चढतंय. लगेच घेऊन या, आणि आज पूर्ण वेळ मशीन मिळालंच पाहिजे. आज चुकलं तर मी काही सांगू शकत नाही."

दुसरी गाडी बोलावली, ती यायला तयार नव्हती. शेवटी म्हटलं, सकाळ आहे, थंड आहे, जाईल. बाकीच्या पेशंटांना घरीच थांबायला सांगून एकट्या मावशींना घेतलं. अर्ध्याहून जास्त रस्ता गेली. गॅरेजच्या अलीकडच्या चौकात सिग्नल लागला आणि तिथे थरथरली.

रस्त्यावरच्या दोघातिघांनी धक्का मारत गाडी गॅरेजात आणून सोडली. ती थांबली नेमकी पिवळ्या पट्ट्यावर, दोन चाकं इकडे, दोन चाकं तिकडे. मागे मावशी. काच खाली केली होती आणि त्यांच्या छातीतला आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता.

"यांना आत्ता मशीनवर न्यायचंय," मी म्हटलं. "आत्ता. दोघंही इकडे या."

आले. आपापल्या बाजूने आले. दादाने बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावला आणि छताला सांगितलं, "कोणीतरी सेल्फ मारावा."

छोट्याने भिंतीला सांगितलं, "चावी त्यांच्या बाजूला आहे."

मीच बसले, मीच मारला. टक. टक. अर्धा वेढा.

"जोर मिळत नाही सेल्फला," दादा म्हणाला. "हे पेट्रोल नाही. करंटचं काम आहे."

"बॅटरी नवी आहे, मी स्वतः टाकलीय," छोट्या म्हणाला.

"चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे मरतात," मी म्हणाले.

छोट्या धावत जाऊन जाड केबल घेऊन आला, दोन्ही टोकांना चिमटे असलेली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला. दुसरा हातात धरला आणि हात हवेतच थांबला. कारण तो चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावायचा होता आणि इंजिन दादाचं.

"हा कोणीतरी इंजिनाला लावला तर कळेल," छोट्या भिंतीला म्हणाला.

"वायर आहे ती," दादा छताला म्हणाला.

त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे एक बाई श्वासासाठी तडफडतेय आणि माझे घोड्याएवढे दोन भाऊ चिमटा हवेत धरून उभे. मी उतरले, छोट्याच्या हातातून चिमटा हिसकावला आणि इंजिनाला लावला. परत येऊन चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

छोट्या आधी बोलला. "अर्थिंग. करंट एका वायरीने इंजिनात जातो आणि दुसरीने परत येतो. परतीची वायर सैल आहे. तिचं बॉडीकडचं टोक मी घासूनपुसून लावलं होतं." त्याने बॉनेटखाली बोट दाखवलं. "दुसरं टोक गिअरबॉक्सवर असतं. ते मी बघितलं नाही. ते माझं नाही."

दादा खाली बघत होता. "क्लच टाकताना तो बोल्ट मी काढला. लावलाही मीच. साध्या पान्याने जेवढा आवळता आला तेवढा आवळला." एवढं बोलल्यावर त्याची नजर मागच्या भिंतीवर गेली, खिळ्याकडे. छोट्याचीही तिकडेच गेली.

म्हणजे झालं होतं ते एवढंच. एक बोल्ट अर्धवट राहिला. गाडी तापली, थरथरली की तो सुटायचा, थंड झाली की वायर पुन्हा टेकायची. याला माहीत होतं की बोल्ट पुरता आवळलेला नाही, पण ती वायर होती, म्हणून हा गप्प. त्याला माहीत होतं की वायरीला दुसरं टोक असतं, पण ते गिअरबॉक्सला होतं, म्हणून तो गप्प. आणि तो बोल्ट ज्याने आवळता आला असता तो पाना डोळ्यांसमोर लटकत होता. मावशींच्या छातीत पाणी चढत होतं ते या दोघांच्या मानापमानापायी. मला तेव्हा हे सगळं बोलायचं होतं. रागाने डोळ्यांत पाणी येतं ना, त्याची मला फार चीड येते.

मी ऑइलचा रिकामा डबा पायाने ढकलत भिंतीशी नेला, त्यावर चढले आणि पाना काढला. दोघंही एक एक पाऊल पुढे आले. पट्टा कोणीच ओलांडला नाही.

तो पाना बाबांनी वाकवला तेव्हा हे दोघं कुठे उंडारत होते कोण जाणे. टॉर्च मी धरला होता. बाबांचा हात त्या फटीत जात नव्हता, म्हणून त्यांनी माझा हात आत घालायला लावला, कुठे अडतो ते बघितलं, आणि माझ्या मनगटाच्या अंदाजाने लोखंड तापवून वाकवलं. "तुझ्या मापाचा झाला बघ," म्हणाले होते. मी शाळेत होते तेव्हा.

इंजिन बंद केलं, चिमटा काढला. हात कोपरापर्यंत आत घातला. गाडी तापलेली होती, मनगट भाजलं, कातडी चरचरली. तरी आवळला. पाना कुठेही अडला नाही. छोट्या हळूच म्हणाला, "अजून थोडा." दादा म्हणाला, "बस." मी चावी फिरवली. अर्ध्या चावीत सुरू. पाना शेजारच्या सीटवर टाकला आणि निघाले. आभार वगैरे मानायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

मावशींना वेळेत मशीन मिळालं. पूर्ण वेळ मिळालं. मी बाहेर बाकावर बसून होते. नर्सने माझ्या मनगटाला मलम लावलं आणि विचारलं, कशाने भाजलं? मी म्हटलं, माहेरी गेले होते. मध्ये एकदा आत डोकावले तर मावशी चक्क आडव्या होऊन झोपल्या होत्या. पाय अजून सुजलेलेच होते, पण छातीतला तो आवाज थांबला होता.

मावशींना घेऊन परतताना रस्ता गॅरेजवरूनच जातो. मी थांबणार नव्हते. पण फाटकात दादा हात करून उभा होता. फाटकाच्या दुसऱ्या खांबाशी छोट्या. मला खरंच वाटलं, बाईची चौकशी करायला उभे असतील. मूर्ख मी. गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.

दादा माझ्या डोक्यावरच्या हवेकडे बघून म्हणाला, "खिळा रिकामा आहे."

"हो," मी म्हटलं. "पाना माझ्याकडे आहे. माझ्याकडेच राहणार. बाबांनी तो माझ्या हातावर मापून केलाय. माझी वाटणी समजा."

मग छोट्या म्हणाला, "वाटणीत तू नव्हतीस."

आणि दादाने मान वळवली. छताकडे नाही, भिंतीकडे नाही. सरळ छोट्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर बोललास."

छोट्याने त्याच्याकडे बघून मान हलवली. एवढ्या वर्षांनी माझे भाऊ एकमेकांशी बोलले.

मी पाना सीटवरून उचलून माझ्या सीटखाली सरकवला आणि चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. मागे मावशींना जाग आली. त्यांनी विचारलं, "काय गं, पुन्हा बंद पडली का?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "झोपा तुम्ही."